निद्रेचा इतिहास आणि उपनगराचे घड्याळ : मिरा-भाईंदरच्या संदर्भात

राजवंशांचा, लढायांचा आणि महसुलाचा इतिहास लिहिला जातो. परंतु मनुष्याच्या आयुष्याचा सुमारे तिसरा हिस्सा व्यापणाऱ्या निद्रेचा इतिहास क्वचितच लिहिला गेला आहे. याचे कारण उघड आहे. निजलेला मनुष्य दप्तर ठेवीत नाही, आणि दप्तर ठेवणाऱ्यास दुसऱ्याच्या निजेशी कर्तव्य नसते. तथापि समाज कोणत्या वेळी उठतो, कोणत्या वेळी अंथरुणाला पाठ टेकतो आणि या दोन वेळा कोण ठरवितो, हे प्रश्न केवळ वैद्यकाचे नव्हेत. रेल्वेची वेळापत्रके, कारखानेविषयक कायदे, शहराच्या घड्याळासंबंधीचे वाद व लोकवस्तीची गणना या साधनांतून त्यांचा मागोवा घेता येतो. निद्राविकारांविषयी अलीकडच्या काळात जे संशोधन झाले आहे, त्याचा खरा अर्थ या इतिहासाच्या पार्श्वभूमीवरच लागतो. मुंबईच्या उत्तरेस, वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर वसलेले मिरा-भाईंदर हे शहर या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. कारण भरती-ओहोटीच्या काळमानाकडून लोकलगाडीच्या काळमानाकडे झालेले स्थित्यंतर तेथे विशेष स्पष्टपणे दिसते.

प्राचीन भारतीय वैद्यकाने निद्रेस गौण लेखले नव्हते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. त्याच स्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूलता व अतिकृशता यांचे विवेचन करून ग्रंथकार निद्रेच्या विचाराकडे वळतो आणि सुखदुःख, पुष्टी व कृशता, बल व दुर्बलता ही निद्रेच्या अधीन असल्याचे सांगतो. स्थूलता व निद्रा यांचा विचार एकाच अध्यायात यावा, ही गोष्ट आजच्या संशोधनाकडे पाहता लक्षात ठेवण्यासारखी आहे. दिवसा झोपण्याचा निषेध करतानाही या शास्त्राने ग्रीष्म ऋतूचा आणि श्रमाने, प्रवासाने वा जागरणाने थकलेल्यांचा अपवाद केला आहे. वाग्भटाने तर अष्टांगहृदयात, सवय नसताना रात्री जागरण घडल्यास जितका काळ जागरण झाले त्याच्या निम्मा काळ सकाळी अन्न घेण्यापूर्वी झोपून भरून काढावा, असे परिमाणच दिले आहे. श्रमिकाची झोप ही नैतिक शैथिल्याची खूण नसून शरीराचे देणे आहे, ही जाणीव या विधानांत स्पष्ट दिसते.

आता प्रत्यक्ष भूमीकडे वळावे. भाईंदर, मिरे, घोडबंदर, राई, मुर्धे, डोंगरी, उत्तन या गावांचे जुने जीवन मीठ, मासळी व भातशेती या तीन आधारांवर उभे होते. आगर म्हणजे मिठागर. आगरी समाजाच्या नावाचा संबंध याच शब्दाशी जोडला जातो. मिठागराच्या खाचरांत उधाणाच्या भरतीचे पाणी घ्यावयाचे, उन्हात ते आटवावयाचे आणि पावसाळा लागण्यापूर्वी मीठ काढून रास करावयाची, हा क्रम. उत्तन, चौक, पाली या किनाऱ्यावरील कोळ्यांची होडी घड्याळाने नव्हे तर पाण्याने सुटते. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे कामाची वेळही सरकते, आणि तिच्याबरोबर निजेचीही. चंद्राच्या कलांशी बांधलेले असे हे काळमान होते.

या जुन्या जीवनाचे चित्र रंगविताना एक सावधगिरी बाळगावयास पाहिजे. यंत्रयुगापूर्वी मनुष्य निवांतपणे दीर्घकाळ झोपत असे, ही समजूत पुराव्यास उतरत नाही. अमेरिकी इतिहासकार रॉजर एकर्च यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, यंत्रयुगापूर्वीच्या युरोपात लोक रात्री दोन टप्प्यांत झोपत व मध्ये काही काळ जागे असत, असे दाखविले. पुढे २०१५ साली टांझानियातील हाद्झा, नामिबियातील सान व बोलिव्हियातील त्सिमाने या समाजांतील ९४ व्यक्तींच्या निद्रेचे यंत्राने मापन करण्यात आले. त्यांची झोप सरासरीने ५.७ ते ७.१ तास इतकीच भरली. खाडीकाठच्या कोळ्याचीही झोप अखंड नव्हती. म्हणून जुन्या व नव्या काळातील भेद झोपेच्या निव्वळ तासांत शोधू नये. तो अन्यत्र आहे. पूर्वी जागरणाचे कारण निसर्ग होता आणि त्याच्या लयीत विश्रांतीचीही जागा होती. नंतर जागरणाचे कारण मनुष्यानेच घातलेला नियम झाला, आणि त्या नियमात विश्रांतीची जागा झगडून मिळवावी लागली.

या बदलाची सुरुवात रेल्वेने झाली. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग वसईची खाडी ओलांडून १८६४ साली मुंबईस ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. एप्रिल १८६७ मध्ये विरार ते बॅकबे अशी रोजची एक गाडी सुरू झाली. ती सकाळी ६ वाजून ४५ मिनिटांनी विरारहून निघे आणि सायंकाळी ५ वाजून ३० मिनिटांनी परत फिरे. येण्याची एक व जाण्याची एक, एवढाच तो व्यवहार. परंतु त्यात उपनगराच्या पुढील दीडशे वर्षांचे बीज होते. सकाळी शहराकडे व सायंकाळी घराकडे, आणि ही गाडी उधाणासाठी थांबणारी नव्हती.

गाडीच्या मागोमाग प्रश्न आला तो घड्याळाचा. १८८१ साली मुंबई सरकारने शहरावर मद्रासची वेळ लादण्याचा प्रयत्न केला, तेव्हा नागरिकांनी त्यास कडाडून विरोध केला व सरकारला माघार घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेहून ३९ मिनिटे पुढे होती. गिरणी-कामगारांत या बदलामुळे असंतोष प्रकट झाला, व तो अकारण नव्हता. ज्या भोंग्यास पूर्वी सूर्याच्या हिशेबाने पोहोचावे लागे, त्याच भोंग्यास आता तितकेच अगोदर पोहोचावयाचे होते. मुंबई नगरपालिकेने तर स्थानिक वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. या वादाकडे सामान्यतः परकीय सत्तेविरुद्धच्या स्वाभिमानाचा एक प्रसंग म्हणून पाहिले जाते, व ते योग्यच आहे. पण पहाटेच्या झोपेचे ३९ मिनिटांचे मोलही त्यात गुंतलेले होते, हे विसरता कामा नये.

गिरण्यांच्या इतिहासात ही गोष्ट अधिक ठसठशीतपणे दिसते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली १८८४ साली मुंबईच्या कामगारांनी जे निवेदन तयार केले, त्यावर सुमारे ५,५०० सह्या होत्या. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, आणि काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे, या मागण्या त्यात होत्या. १० जून १८९० रोजी रविवारच्या सुटीची मागणी मान्य झाली. कामाच्या तासांविषयीची ही मागणी वस्तुतः निद्रेच्या तासांविषयीचीही होती. सूर्यास्तास काम थांबावे असे म्हणणे म्हणजे रात्र कामगाराची आहे असे म्हणणे होय. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची ती नैसर्गिक मर्यादाही नाहीशी झाली. १९०५ च्या सुमारास काही गिरण्यांत कामाचा दिवस चौदा तासांच्याही पुढे गेला. त्यावर चौकशीमंडळे नेमली गेली, आणि १९११ च्या कायद्याने कापड-गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामास बारा तासांची मर्यादा घातली. पुढे १९२२, १९३४ व १९४६ साली ती उत्तरोत्तर खाली आली, आणि १९४८ च्या कारखाने कायद्यात दिवसाचे नऊ व आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास हे प्रमाण कायम झाले.

कायद्याने कारखान्यातील तास मोजले; कारखान्यापर्यंत पोहोचण्याचे तास मात्र मोजले नाहीत. मिरा-भाईंदरचा अर्वाचीन इतिहास या न मोजलेल्या तासांचा इतिहास आहे. १९२८ साली कुलाबा ते बोरिवली या मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या व १९३६ साली त्या विरारपर्यंत पोहोचल्या. तरीही भाईंदर दीर्घकाळ मिठागरांचे गावच राहिले. शहरातील जागांच्या किमती मध्यमवर्गाच्या व श्रमिकांच्या आवाक्याबाहेर गेल्यावर वस्ती उत्तरेकडे सरकली. १९८५ साली येथे नगरपरिषद स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत सुमारे १ लाख ७५ हजार असलेली लोकसंख्या २००१ साली सुमारे ५ लाख २० हजार झाली व २०११ साली ८ लाखांच्या वर गेली. वीस वर्षांत लोकसंख्या चौपटीहून अधिक वाढली. तिच्यातील फार मोठ्या वर्गाचे काम मात्र दक्षिणेस, शहरातच राहिले.

भाईंदर स्थानक चर्चगेटपासून सुमारे ४३ किलोमीटरवर आहे. उदाहरणादाखल एका दिवसाचा हिशेब मांडून पाहावा. धिम्या गाडीचा प्रवास सव्वा तासाचा. घरापासून स्थानकापर्यंत, गाडीची वाट पाहण्यात आणि उतरल्यावर कचेरीपर्यंत मिळून पाऊण तास. जाण्यायेण्याचे असे चार तास झाले. कचेरीचे साडेआठ तास मिळविले म्हणजे दिवसाचे साडेबारा तास घराबाहेर गेले. उरलेल्या साडेअकरा तासांत सात तास निद्रा घ्यावयाची म्हटल्यास स्नान, स्वयंपाक, जेवण, मुलांचा अभ्यास, आजाऱ्याची शुश्रूषा व बाजारहाट यांसाठी साडेचार तास उरतात. ज्या स्त्रीस नोकरी करून दोन्ही वेळचा स्वयंपाकही करावा लागतो, तिच्या बाबतीत हा हिशेब जुळत नाही. आणि जुळत नाही तेव्हा निजेलाच कात्री लागते, कारण दिवसाच्या सर्व खात्यांत तेच एक खाते असे आहे की ज्यातून काढून घेतल्यास कोणी तत्काळ तक्रार करीत नाही.

तक्रार शरीर करते, पण उशिरा. ती ऐकण्याची साधने वैद्यकाच्या हाती विसाव्या शतकातच आली. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२९ साली मानवी मेंदूतील विद्युत्-स्पंदनांचा आलेख प्रसिद्ध केला. १९५३ साली शिकागो येथे युजीन अ‍ॅझेरिन्स्की व नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी, झोपेच्या काही टप्प्यांत डोळ्यांची बुबुळे जलद हालतात व त्याच वेळी बहुधा स्वप्ने पडतात, हे दाखविले. निद्रा म्हणजे जागृतीचा केवळ अभाव नव्हे, ती शरीराची एक क्रमबद्ध क्रिया आहे, हे यामुळे सिद्ध झाले. १९६५ साली फ्रान्समध्ये गास्तो व त्यांचे सहकारी आणि जर्मनीत युंग व कूलो यांनी निद्रेतील श्वासरोधाचे, म्हणजे आज ‘स्लीप ॲप्निया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराचे, स्वतंत्रपणे वर्णन केले.

या विकारात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग बंद होतो. दहा सेकंद वा त्याहून अधिक काळ श्वास थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. हे रात्रीतून अनेकदा, कधी शेकडो वेळा घडते. रोग्यास त्याची स्मृती राहत नाही. सकाळी डोके जड असते व दिवसा पेंग येते, एवढेच त्याला कळते. १९८१ साली सिडनी येथील कॉलिन सुलिव्हन यांनी, नाकावर मुखवटा बसवून सतत दाबाने हवा दिल्यास श्वासमार्ग उघडा राहतो, हे दाखवून उपचाराची वाट मोकळी केली. १९९३ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील पाहणीत ३० ते ६० वर्षे वयाच्या पुरुषांपैकी २४ टक्के व स्त्रियांपैकी ९ टक्के व्यक्तींत निद्रेतील श्वासविकृती आढळली.

हा विकार लठ्ठ व संपन्न पाश्चात्त्यांचा असावा, हा समज मुंबईतील संशोधनाने दूर केला. हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वसाधारण आरोग्यतपासणीसाठी आलेल्या, ३५ ते ६५ वर्षे वयाच्या ६५८ पुरुषांनी प्रश्नावली भरून दिली व त्यांपैकी २५० जणांच्या निद्रेचे रात्रभर आलेखन करण्यात आले. त्यावरून श्वासविकृतीचे प्रमाण १९.५ टक्के, आणि तिच्यासह दिवसाची अतिनिद्रा असणाऱ्यांचे प्रमाण ७.५ टक्के, असा अंदाज निघाला. स्वतःस निरोगी समजणाऱ्या दर पाच पुरुषांत जवळजवळ एकाची निद्रा सदोष होती, असा याचा अर्थ होय. घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण आहे, हा घरोघरी रूढ असलेला समज यापुढे टिकणे योग्य नाही. उच्च रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात व मधुमेह यांच्याशी या विकाराचे नाते आता सर्वमान्य झाले आहे, आणि पेंगुळलेल्या चालकाच्या हातून होणारा अपघात हा त्याचा सर्वांत तात्काळ परिणाम आहे.

तथापि या मोलाच्या संशोधनाची मर्यादाही ध्यानात घ्यावयास पाहिजे. त्यात स्त्रिया नव्हत्या. आणि आरोग्यतपासणीसाठी अशा रुग्णालयात येऊ शकणारा वर्ग हा समाजाचा एक भाग आहे. पहाटे मासळीची पाटी घेऊन निघणारी उत्तनची कोळीण, पाळीने काम करणारा पहारेकरी, रात्रपाळीची परिचारिका यांची निद्रा त्या आलेखांत उमटलेली नाही. रात्रपाळीचा प्रश्न तर स्वतंत्र विचाराचा आहे. शरीरातील पेशींना स्वतःचे घड्याळ असते. त्याची आनुवंशिक यंत्रणा उलगडून दाखविल्याबद्दल हॉल, रॉसबाश व यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ कायम उलटे फिरविल्यास हानी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ साली, व फेरविचारानंतर २०१९ साली पुन्हा, रात्रपाळीच्या कामाची गणना कर्करोगाच्या संभाव्य कारणांत केली. गिरणीतील विजेच्या दिव्याविरुद्ध १९०५ साली झालेल्या तक्रारीस एका शतकानंतर विज्ञानाने दिलेले हे उत्तर म्हणता येईल.

श्रमिकांच्या निद्रेविषयीचे अलीकडचे एक महत्त्वाचे संशोधन चेन्नईत झाले व २०२१ साली प्रसिद्ध झाले. अल्प उत्पन्नाच्या ४५२ प्रौढ व्यक्तींच्या हातावर मापनयंत्र बांधले असता, अंथरुणात सुमारे आठ तास घालवूनही त्यांची प्रत्यक्ष झोप साडेपाच तासांच्या आसपासच भरत असल्याचे आढळले. उकाडा, डास, गोंगाट, प्रकाश व अपुरी जागा यांनी त्यांची निद्रा तुकड्यातुकड्यांत विभागली होती. मार्गदर्शन व साधने पुरविल्यावर रात्रीची झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढली. परंतु कामगिरीत वा प्रकृतीत अपेक्षित सुधारणा दिसली नाही. कारण वाढली ती वेळ. निद्रेची प्रत तशीच राहिली. उलट, कामाच्या ठिकाणी दुपारी अर्ध्या तासाची निवांत डुलकी मिळालेल्यांचे काम, एकाग्रता व मनःस्वास्थ्य सुधारल्याचे दिसले. वाग्भटाने जागरणाची भरपाई दिवसाच्या झोपेने करण्यास दिलेली मुभा आणि १८८४ च्या निवेदनातील दुपारच्या अर्ध्या तासाची मागणी या दोहोंचे येथे स्मरण झाल्यावाचून राहत नाही.

घड्याळाचा जुना वादही या संशोधनाच्या प्रकाशात नव्याने उभा राहतो. संपूर्ण देशास एकच प्रमाणवेळ असल्यामुळे पश्चिमेकडील जिल्ह्यांत घड्याळाच्या हिशेबाने सूर्य उशिरा मावळतो. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतातील आकडेवारीवरून असे दाखविले की, सूर्यास्त एक तासाने लांबल्यास मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते. कारण मुले निजतात सूर्याच्या मागोमाग, पण उठतात शाळेच्या घंटेस. मिरा-भाईंदर देशाच्या पश्चिम टोकास आहे. १९०६ साली मुंबईकरांना जे अनुभवाने जाणवले होते, ते आता आकड्यांनी मांडता येते.

न्यायसंस्थेनेही या प्रश्नाची दखल घेतली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली रामलीला मैदान प्रकरणातील निर्णयात निद्रेचा समावेश जीविताच्या मूलभूत हक्कात होतो, असे मत व्यक्त केले. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, चौकशीसाठी बोलावलेल्या व्यक्तीचा जबाब रात्रभर नोंदविण्याच्या पद्धतीवर नापसंती व्यक्त करताना, निद्रा ही मनुष्याची मूलभूत गरज असून तिच्यापासून त्यास वंचित ठेवता येणार नाही, असे म्हटले. हक्काची ही भाषा स्वागतार्ह आहे. परंतु ती अद्याप चौकशीच्या खोलीपुरती व मैदानापुरती आहे. पाळीचे तास, शाळेची घंटा व शेवटची गाडी येथपर्यंत ती पोहोचलेली नाही.

या सर्व विवेचनावरून एक निष्कर्ष निघतो. निद्राविकार हे व्यक्तीच्या देहात प्रकट होतात, पण त्यांतील पुष्कळसे समाजाच्या काळमानात जन्म घेतात. ज्याचा श्वास झोपेत अडतो त्यास निदान व उपचार मिळालेच पाहिजेत, आणि त्यासाठी घोरण्याकडे विनोदाने न पाहता वैद्याकडे जाण्याची सवय लागली पाहिजे. परंतु ज्याची झोप प्रवासात, उकाड्यात व पाळीत संपते, त्यास वेळेवर झोपण्याचा उपदेश करणे म्हणजे रिकाम्या शिंक्याखाली बसवून जेवावयास सांगण्यासारखे आहे. त्याच्यासाठी कामाच्या वेळा, विश्रांतीची जागा, रात्रीची शांतता आणि घर व काम यांतील अंतर यांचाच विचार व्हावयास पाहिजे. लोखंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या कष्टाने रविवार मिळविला, त्यानंतर कायद्याने दिवसाचे तास मोजले. रात्रीचा हिशेब अद्याप व्हावयाचा आहे. खाडीच्या पुलावरून पहाटेची पहिली गाडी धडधडत जाते, तेव्हा तिच्यात उभे राहून पेंगणारा प्रवासी हा आळसाचा नव्हे, तर या अपुऱ्या हिशेबाचा साक्षीदार असतो.